निकमांचा सेट इंटरनेटवर येतो

मित्रांनो, मला बघून आधी पोटभर हसून घ्या, मग ऐका. माझा पडदा काड्यापेटीएवढा आहे. माझ्या अंगावर बटणं आहेत, तीही खरीखुरी, दाबली की टक् वाजणारी. त्यातलं पाचाचं बटण इतकं झिजलंय की त्यावर आता पाच उरलेला नाही. मी एक जुना मोबाइल फोन आहे. लखनौच्या वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत, निकमांच्या घरी, टेबलाच्या दुसऱ्या खणात मी राहतो. शेजारी बंद पडलेलं एक मनगटी घड्याळ आणि होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या चार बाटल्या असतात. संगत वाईट नाही, पण गप्पांना कुणी नाही. म्हणून आज तुम्ही सापडलात तर सगळंच सांगून टाकतो.

माझा जन्म २००६ साली तमिळनाडूतल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून आम्ही शेकडो भावंडं रांगेनं पुढे जायचो. निळ्या टोप्या घातलेल्या मुली आमच्या पोटात बॅटरी बसवायच्या, एकेक बटण दाबून बघायच्या आणि पसंत पडलं तर डब्यात झोपवायच्या. माझ्या मेनूत सगळ्यात शेवटी पृथ्वीच्या गोलाचं एक छोटंसं चित्र होतं. ज्याच्या पोटात हे चित्र, त्याला इंटरनेट चालवता येतं, असं तपासणाऱ्या ताई एकमेकींना सांगत होत्या. त्याच पट्ट्यावर हे चित्र नसलेले साधे फोनही होते. खोटं कशाला बोलू, मला त्यांच्यापुढे चांगलाच ताठा चढला होता.

तो ताठा लवकरच उतरला. लखनौच्या चारबाग स्टेशनजवळच्या एका दुकानातून मला वायुसेनेतल्या काही माणसांनी विकत घेतलं आणि रंगीत कागदात बांधून वॉरंट ऑफिसर हरिहर निकम यांना निवृत्तीच्या दिवशी भेट दिलं. निकमसाहेब मूळचे साताऱ्याकडचे. अडतीस वर्षं त्यांनी वायुसेनेत वायरलेस सांभाळला. शेवटची बदली लखनौजवळ झाली, पोरीचं शिक्षण इथेच चाललं होतं, म्हणून त्यांनी इथेच घर घेतलं. त्यांनी मला कधी मोबाइल म्हटलं नाही. त्यांच्या लेखी मी 'सेट' होतो.

सेट म्हटल्यावर शिस्त आली. कुणाचाही फोन येवो, साहेब आधी म्हणायचे, "निकम बोलतोय. आवाज कसा येतोय?" समोरच्यानं 'नीट येतोय' म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. हा नियम सब्जीवाल्या भैयालाही होता. बोलणं संपलं की एका लांबट वहीत वेळ लिहायची, कोण बोललं ते लिहायचं. चंद्रप्रभाबाई, म्हणजे निकमसाहेबांची पत्नी, कणीक मळता मळता म्हणायच्या, "अहो, माझ्या बहिणीचा फोन आहे. तिला सुखदुःख बोलायचंय, विमान नाही उतरवायचं."

हे सगळं मी आनंदानं सोसलं. सोसवत नव्हतं ते वेगळंच होतं. कधी चुकून साहेबांचं बोट माझ्या मधल्या बटणावर जरा जास्त दाबलं जायचं आणि पृथ्वीचा गोल फिरायला लागायचा. झालं. साहेबांचा चेहरा पांढरा पडायचा. "कटले पैसे, कटले," म्हणत ते लाल बटण चार-पाच वेळा दाबायचे. त्या काळी देशभर हीच रीत होती. गोल फिरला की लोक विंचू दिसल्यासारखे दचकायचे. एकदा तर साहेबांनी माझी बॅटरीच उपटून काढली. मी शुद्धीवर आलो तेव्हा माझ्या पोटात कुठल्या तरी जुन्या वर्षाची एक जानेवारी लागली होती.

अशी तीन वर्षं गेली. ज्या गुणावर मी एवढा फुशारलो होतो, तोच या घरात धोका ठरला होता. मित्रांनो, तुमच्याकडे एखादी कला असावी आणि घरच्यांनी तिच्याकडे बघून दारं लावून घ्यावीत, तसं मला वाटायचं.

आता नेत्राविषयी सांगायला हवं. निकमांची ही एकुलती एक मुलगी. छावण्या-छावण्यांतून वाढलेली, म्हणून तिचं मराठी हिंदीच्या काठाकाठानं चालायचं. ती लखनौत दगडफुलांवर संशोधन करत होती. दगडफूल म्हणजे आपल्या गोडा मसाल्यातलं, तेच. खडकांवर, झाडांच्या सालीवर उगवणारं. नेत्राला ते अंटार्क्टिकातल्या खडकांवर कसं तगतं हे बघायचं होतं. तिकडे जाणाऱ्या शास्त्रज्ञांच्या तुकडीसाठी तिनं अर्ज केला, मुलाखत दिली, आणि तिचं नाव प्रतीक्षा यादीत पहिलं लागलं. चंद्रप्रभाबाई म्हणाल्या, "मसाल्यातलं दगडफूल आणायला कुणी एवढं लांब जातं का? अमीनाबादच्या बाजारात मिळतं की किलोनं." पण शेजारीपाजारी सांगताना त्यांचा आवाज किती वर चढायचा, ते मी ऐकलेलं आहे.

२००९ सालचा जून. त्या दिवशी राज्यात बंद होता. ऑटो नाहीत, दुकानं नाहीत, तेलीबागेतला सायबर कॅफेही कुलूप लावून बसलेला. सकाळपासून वीज गेलेली. नेत्रा सोनभद्रच्या डोंगरातून दगडफुलांचे नमुने घेऊन रेल्वेनं परत येत होती. साडेअकराला मी वाजलो.

"निकम बोलतोय. आवाज कसा येतोय?"

पलीकडे गोव्याहून उल्हास नावाचे एक गृहस्थ होते. तुकडीची सगळी कागदपत्रं त्यांच्या कार्यालयातून हलायची. ते म्हणाले, "साहेब, नेत्राताईंचा फोन बंद लागतोय. अर्जात तुमचा नंबर होता. एक जागा मोकळी झालीय. सकाळी ताईंना मेल केलाय. आज संध्याकाळी पाचपर्यंत त्यांच्याच मेलवरून होकार यायला हवा. नाही आला तर यादीतल्या पुढच्या माणसाला जागा जाईल."

"मी तिचा बाप आहे. मी होकार देतो. लिहून घ्या," साहेब म्हणाले.

"फोनवरचा होकार चालत नाही हो. माझ्या हातात असतं तर मी घेतला असता."

साहेबांनी वहीत वेळ लिहिली आणि मला हातात घट्ट धरून बसले. त्यांना मुलीला गाठायचं होतं आणि मुलगी कुठे आहे हेच ठाऊक नव्हतं. साडेबाराला नेत्राचा फोन आला, एका छोट्या स्टेशनच्या पीसीओवरून. बंदवाले रुळांवर बसले होते, गाडी दोन तास जागची हलली नव्हती, आणि तिच्या स्वतःच्या फोनची बॅटरी संपली होती. मित्रमैत्रिणींचे नंबर त्याच फोनात अडकले होते.

साहेबांनी तिला उल्हासचा निरोप शब्दन् शब्द सांगितला.

"बाबा, अच्छा, ऐका. तुमच्या फोनमध्ये नेट आहे. तो ग्लोबवाला आयकॉन. कस्टमर केअरला सांगा, सेटिंग पाठवतील. मग माझा मेल उघडा आणि हाँ लिहून पाठवा. जे काही असेल त्याला हाँ. प्लीज."

"आणि पासवर्ड?"

"तुमचाच सर्व्हिस नंबर आहे, बाबा. कॉलेजपासून तोच आहे."

तिच्या मागे गाडीची शिट्टी नव्हती, घोषणा होत्या. पीसीओवाला "मैडम, लाइन लगी है" म्हणत होता. फोन ठेवल्यावर साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि नको तितका वेळ पुसत राहिले. अडतीस वर्षं त्यांनी तो आकडा पेटीवर, थाळीवर, गादीच्या गुंडाळीवर रंगवला होता. आपल्या पोरीनं तो कुलपासाठी निवडला आहे हे त्यांना आज कळलं.

आणि माझं काय झालं असेल, तुम्हीच ओळखा. तीन वर्षांनी कुणीतरी माझ्या गोलाचं नाव चांगल्या अर्थानं घेतलं होतं. माझ्यात बॅटरीच्या दोन काड्या शिल्लक होत्या. त्या दोन काड्यांनिशी मी लढायला तयार झालो.

साहेबांनी मदत केंद्राला फोन लावला. वीस मिनिटं तेच एक बासरीचं संगीत ऐकल्यावर नाज़िया नावाची मुलगी बोलली. तिनं आधी साहेबांच्या नंबरावर इंटरनेट चालू करून दिलं. मग म्हणाली, "सर, सेटिंग भेज रही हूँ. मैसेज आएगा, सेव कर लीजिएगा."

फोन बंद झाला आणि माझ्या पडद्यावर ओळ उमटली: सेटिंग्ज आल्या आहेत, दाखवू की काढून टाकू? पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, नुसता एक विचित्र आकडा होता. साहेबांनी ओळ तीनदा वाचली आणि 'काढून टाका' दाबलं.

मी हादरलो. मला ओरडता येत असतं तर ओरडलो असतो.

पण यामागे कारण होतं. १९७३ साली साहेब आसामातल्या एका तळावर तरुण वायरलेसवाले होते. एका संध्याकाळी सेटवर निरोप आला, रात्री दोनशे माणसं जेवायला येत आहेत. निरोप कुठून आला, खरा की खोटा, हे विचारायची एक पद्धत असते. आपण एक सांकेतिक खूण विचारायची, समोरच्यानं ठरलेलं उत्तर द्यायचं. निकम घाईत होते, त्यांनी विचारलं नाही. आचाऱ्यानं दोनशे माणसांचा भात, डाळ आणि खीर केली. ती माणसं शंभर मैलांवरच्या दुसऱ्याच तळावर जाऊन जेवली. तळावर तीन दिवस खीर पुरली आणि निकमांना चौदा दिवसांची शिक्षा झाली. त्या दिवसापासून, ज्याची ओळख पटलेली नाही असा निरोप या माणसानं कधी स्वीकारला नव्हता. दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून प्यावं म्हणतात. आमचे साहेब छत्तीस वर्षं फुंकतच होते.

मी सेटिंग स्वीकारेपर्यंत केंद्र ती आपोआप पुन्हा पाठवत होतं. सव्वादोनला दुसऱ्यांदा आली. पुन्हा तोच बिननावाचा आकडा. पुन्हा 'काढून टाका'. पावणेतीनला तिसऱ्यांदा. तीही गेली. साहेबांची समजूत अशी होती की नाज़िया स्वतःच्या नावानं, व्यवस्थित ओळख देऊन निरोप पाठवील, आणि हे मधेमधे येणारं काहीतरी भलतंच आहे. चंद्रप्रभाबाई दर दहा मिनिटांनी घड्याळाकडे बघत होत्या. जेवण ताटातच राहिलं होतं.

सव्वातीनला साहेबांनी पुन्हा फोन लावला. नशिबानं पुन्हा नाज़ियाच आली.

"सर, यहाँ तो दिख रहा है कि तीन बार सेटिंग पहुँची है. आप ही हर बार मना कर रहे हैं."

"बेटा, बिना पहचान का मैसेज मैं नहीं लेता. उसूल है."

ती चिडली असेल असं मला वाटलं. पण लखनौची मुलगी, तिनं आवाज जराही चढवला नाही. "सर, पहचान तो है. आप उसे कबूल कीजिए, फिर वो आपसे चार अंक पूछेगा. एक, दो, तीन, चार डालिए. सही हुआ तभी अंदर आएगा, वरना नहीं."

साहेब खुर्चीत ताठ बसले.

"यानी वो पूछेगा, और जवाब मुझे देना है."

"जी सर."

"तो बेटा, ये पहले बताना था ना. ये तो पक्का काम है."

एक-दोन-तीन-चार ही जगातली सगळ्यात भोळी खूण आहे, हे मला ठाऊक होतं. शेंबडं पोरही ओळखेल. पण साहेबांना खुणेच्या अवघडपणाशी देणंघेणं नव्हतं. विचारणं आणि उत्तर देणं एवढं झालं की त्यांच्या दृष्टीनं कायदा पाळला गेला. चौथ्यांदा सेटिंग आली. त्यांनी ती स्वीकारली, खूण दिली, आणि माझ्या पोटात ती माहिती अशी जाऊन बसली की जणू तिची जागा कारखान्यातच राखून ठेवलेली होती. नाज़ियानं सांगितल्याप्रमाणे साहेबांनी मला बंद करून पुन्हा चालू केलं. मग त्यांनी अंगठा त्या मधल्या बटणावर ठेवला. तीन वर्षांची सवय तो मागे ओढत होती, पण त्यांनी दाबलं.

गोल फिरला. फिरत राहिला. आणि मग ओळ आली: जोडणी होऊ शकली नाही.

दुसरा कुणी असता तर मला आपटलं असतं. निकमसाहेबांनी माझ्या कोपऱ्यातल्या काड्या बघितल्या. "रेंज एकच काडी आहे. सेटचा दोष नाही, जागेचा आहे," ते म्हणाले. "चंद्रा, गच्चीवर चल. छत्री घे."

"छत्री कशाला? पाऊस कुठाय?"

"उन्हात पडदा दिसणार नाही."

जूनमधली लखनौची गच्ची, दुपारचे साडेतीन, लू, म्हणजे भाजून काढणारा गरम वारा, वाहते आहे. साहेबांच्या डोक्याला ओला गमछा, हातात मी, आणि आमच्या दोघांवर काळी छत्री धरून चंद्रप्रभाबाई. साहेब चारी कोपऱ्यांत फिरले. पाण्याच्या टाकीजवळ माझ्या चार काड्या लागल्या. समोरच्या गच्चीवर शुक्लाजी वाळत घातलेल्या पापडांची राखण करत बसले होते. त्यांनी विचारलं, "निकमसाहब, क्या ढूँढ रहे हैं?"

"सिग्नल," साहेब म्हणाले, आणि पुन्हा गोल दाबला.

मित्रांनो, माझ्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात एका छोट्या चौकटीत 'जी' हे अक्षर उमटलं. तुम्हाला त्याचं काय कौतुक. पण मी ज्या कामासाठी घडलो होतो, ते काम सुरू झाल्याची ती खूण होती. आकाशातून थेंब थेंब करत अक्षरं माझ्या अंगात उतरू लागली. आधी एक रेघ, मग एक निळी पट्टी, मग शब्द. साहेबांनी छत्रीखाली मान घातली आणि लहान मुलासारखं म्हणाले, "चंद्रा, आलं बघ. पान आलं."

नेत्राच्या मेलचा पत्ता लिहायला अकरा मिनिटं लागली. एका बटणात तीन-तीन अक्षरं, त्यातलं हवं ते मिळेपर्यंत टक् टक् दाबायचं. सर्व्हिस नंबर मात्र साहेबांनी न बघता लिहिला. पान उघडू लागलं, अर्ध्यावर आलं, आणि नेमका तेव्हाच मी वाजायला लागलो. कराडहून चंद्रप्रभाबाईंची बहीण हेमा. माझ्यासारख्या फोनची ही दुखरी जागा होती. बोलणं आलं की इंटरनेट बसलं.

साहेबांनी फोन उचलला. "निकम बोलतोय. आवाज येतोय. लाइन मोकळी ठेवा. पाचनंतर." आणि ठेवून दिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आवाज कसा येतोय असं विचारलं नाही, आपणच सांगून टाकलं. चंद्रप्रभाबाईंनी कपाळाला हात लावला. "आता वर्षभर ऐकावं लागेल मला," त्या म्हणाल्या.

पुन्हा गोल, पुन्हा पत्ता, पुन्हा अकरा मिनिटं. बॅटरीची एक काडी गेली. चार वाजून पंचवीस मिनिटांनी मेल उघडला.

साहेब ओठ हलवत वाचू लागले. मी त्यांचा चेहरा अगदी जवळून बघत होतो. अर्ध्या पानावर तो चेहरा बदलला. नेत्रानं घरी चार महिने सांगितले होते. उन्हाळी तुकडी, नोव्हेंबरात जाऊन मार्चमध्ये परत. मेलमध्ये लिहिलं होतं की रिकामी झालेली जागा हिवाळी तुकडीतली आहे. एकदा जहाज परत फिरलं की बर्फात पंचवीस माणसं, सहा-सात महिने ना जहाज ना विमान, दोन महिने सूर्य नाही. एकूण पंधरा महिने. आणि खाली स्वच्छ लिहिलं होतं, 'आपण अर्जात या तुकडीसाठीही तयारी दर्शवली आहे, त्यानुसार...'

साहेबांचा अंगठा थांबला.

मित्रांनो, त्या वेळी त्यांच्या मनात काय चाललं होतं हे मला त्या अंगठ्यावरून कळत होतं. बंद होता, वीज नव्हती, फोन जुना होता. काही न करता नुसतं उभं राहिलं असतं तरी पाच वाजलेच असते. जोडणी झाली नाही, एवढं म्हणणं पुरेसं होतं. कुणी दोष दिला नसता. मला दिला असता, आणि मला खरं सांगायला तोंड नव्हतं. अंगठा माझ्या झिजणाऱ्या पाचावर ठेवून ते टाकीला टेकले आणि दूर कुठेतरी बघत राहिले. त्यांची पोर त्यांना दोन महिने न उगवणाऱ्या सूर्यापलीकडे दिसत असावी.

"काय झालं?" चंद्रप्रभाबाईंनी विचारलं.

"पंधरा महिने आहेत," ते म्हणाले. "आपल्याला चारच म्हणाली होती."

"मला पंधराच म्हणाली होती."

साहेबांनी वळून बघितलं. बाईंचा छत्रीचा हात आखडला होता, त्यांनी तो बदलला.

"तुम्हाला सांगू नको म्हणाली. तुमचं बीपी."

"आणि तू गप्प बसलीस?"

"नेत्रा सहा महिन्यांची होती तेव्हा तुम्ही लेहला निघालात. दोन वर्षांसाठी. तुमच्या आईंना मी किती सांगितलं होतं, आठवतंय? सहा महिने. दोन वर्षं म्हटलं असतं तर त्या जेवल्या नसत्या. तुम्ही गेलात ना? आणि आलातही ना? मग लिहा. चार पस्तीस झाले."

साहेबांनी लिहायला घेतलं. आज इतकी वर्षं झाली, पण त्या ओळीतलं एकेक अक्षर माझ्या बटणांना आठवतं. 'माझा होकार आहे. नेत्रा हरिहर निकम.' इंग्रजीत, सगळं मोठ्या अक्षरांत, तारेच्या मजकुरासारखं. चार एक्केचाळीसला त्यांनी 'पाठवा' दाबलं. 'जी' लुकलुकला, रेघ सरकली, आणि पडद्यावर आलं की पत्र गेलं.

"चला खाली," बाई म्हणाल्या.

"थांब. पोचल्याची पावती आल्याशिवाय निरोप गेला असं म्हणत नाहीत."

मग ते दोघं त्या टाकीजवळ, त्या उन्हात, छत्रीखाली उभे राहिले. माझी शेवटची काडी लाल झाली होती. दर दोन मिनिटांनी साहेब पान पुन्हा मागवत होते आणि मी जीव गोळा करून ते आणत होतो. चार बावन्नला गोव्याहून उल्हासचं एका ओळीचं उत्तर आलं. मिळालं, अभिनंदन, यादीत नाव पक्कं.

साहेबांनी ती ओळ मोठ्यानं वाचली. मग कुणाला कळायच्या आत टाकीसमोर सावधान उभे राहिले आणि समोरच्या गच्चीकडे बघून म्हणाले, "शुक्लाजी, हमारी बेटी अंटार्क्टिका जा रही है."

शुक्लाजींना अंटार्क्टिका म्हणजे काय ते नीटसं कळलं नसावं, पण त्यांनी दोन्ही हात वर करून "बधाई हो" म्हटलं आणि एक ताट पापड पाठवून दिले. चंद्रप्रभाबाई रडत होत्या आणि हसत होत्या. मी त्याच क्षणी विझलो. पण मित्रांनो, जिंकून विझलो. वीज आल्यावर मला लावलं गेलं, आणि साहेबांनी वहीत लिहिलेली ओळ मी बघितली: 'सोळा बावन्न. पावती मिळाली. सेट उत्तम.' मला आयुष्यात मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र. दुसऱ्याची मला कधी गरज वाटली नाही.

रात्री नेत्रा घरी पोचली तेव्हा आधी आईच्या नाही, बापाच्या गळ्यात पडली. "सॉरी बाबा, पंधराचं सांगितलं नाही," असं म्हणाली. साहेब म्हणाले, "वायरलेसवाल्यापासून निरोप लपवतेस? जेवून घे आधी."

ती गेली, आणि पंधरा महिने दर रविवारी तिची पत्रं माझ्या पडद्यावर उतरली. पुढे मी ते काम सवयीनं करू लागलो. घरात कुणीही गोलाला घाबरेनासं झालं. ती सुखरूप परत आली, तिकडच्या दगडफुलांवर तिचा प्रबंध झाला. शेजारच्या सेक्टरमधले निवृत्त लोक साहेबांकडे आपापले फोन घेऊन येऊ लागले, आणि साहेब त्यांना एक-दोन-तीन-चारचं महत्त्व समजावून सांगू लागले. माझी बटणं झिजली, बॅटरी फुगली, ती बदलली, दुसरीही दमली.

२०१५ साली नेत्रानं वडिलांसाठी मोठ्या काचेचा नवा फोन आणला. मी खणात जाणार हे मला समजलं. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू. पण जाता जाता मी जे बघितलं ते तुम्हाला सांगायचं आहे. नव्या फोनवर इंटरनेट चालू करायचं होतं. नेत्राला ते काम दोन मिनिटांचं होतं. साहेबांनी चष्मा लावला, फोन समोर ठेवला आणि एकेक ओळ वाचू लागले. नेत्रानं मदतीला हात पुढे केला, मग मागे घेतला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली. साहेब चुकले, मागे गेले, पुन्हा चुकले. एक तास वीस मिनिटं लागली. नवा फोन सुरू झाला तेव्हा साहेबांनी तिच्याकडे बघितलं, आणि अंटार्क्टिकाहून परत आली त्या दिवशी ती हसली होती, तशी ती हसली.

मित्रांनो, जुन्या फोनचं ऐकाल? मला दर महिन्याला एकदा पुसलंत, एकदा लावून ठेवलंत, तर मी आणखी काही वर्षं टिकेन. तेवढी काळजी घेतलीत तर आभारी राहीन. पण माझ्यापेक्षा फोनशी झटणाऱ्या माणसाची जास्त घ्या. तुमच्या घरातले आजोबा, आजी, आई, बाबा फोन हातात धरून अडखळत असतील, तर 'द्या इकडे' म्हणून तो ओढून घेऊ नका. त्यांनी तुम्हाला किती लांब जाऊ दिलंय, तुम्हाला ठाऊक नाही. त्यांना वेळ लागेल. लागू द्या.